गिनी, ईगल आणि बँकेचं नाणं : मोडीचा भाव आणि हौसेचा भाव

माहुलीचा_संगम (सातारा)

नमस्कार मंडळी. सोन्यावर इथे धागे पुष्कळ आहेत, पण सगळे दागिने, घडणावळ आणि "आत्ता घेऊ का थांबू" याच्यावर. मला नाण्यांचं विचारायचंय.

घरात तीन तऱ्हेची नाणी आहेत. आईच्या चार गिन्या. त्यातल्या तिघींना कडी झाळलेली, कारण त्या पुतळ्यांच्या माळेत ओवलेल्या होत्या. चौथी तशीच कोरी. दुसरं, एका बँकेतून घेतलेलं दहा ग्रॅमचं नाणं, सीलबंद पाकिटात. तिसरं, माझ्या एकसष्टीला भाच्याने अमेरिकेतून आणलेलं एक औंसाचं गोल्ड ईगल.

मोती चौकात दोन पेढ्यांवर नुसती चौकशी केली. पहिल्या पेढीवर ईगल उलटंसुलटं करून झालं, मग "कसोटीवर घासून बघू का?" मी नको म्हटलं. "काका, माल लालसर मारतोय, मोडीतच जाईल." दुसऱ्याकडे टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, मोजायचं मशीन होतं. आकडा ९१ च्या पुढे आला, तरी म्हणाले परदेशी माल आहे, पाच टक्के घट धरावी लागेल. बँकेत गेलो तर आम्ही विकतो, परत घेत नाही. आणि भाचा फोनवर सांगतो की मामा, तिकडे ईगल सोन्याच्या भावापेक्षा वर पैसे मोजून घेतात लोक.

मग खरी किंमत कुठली? विकायची घाई नाही. पण पुढच्या वर्षी घराच्या कामाला काही काढावं लागलं, तर आधी काय काढायचं ते ठरवून ठेवावं म्हणतो.

गलाई_विटा

काका, रामराम. आम्ही विट्याचे, दुकान कोइमतूरला. आज्ज्यापासून गलाईच, म्हणजे सोनं गाळून चोख करायचं काम. त्यामुळं नाण्याचं नाक-डोळं मला कळत नाहीत, पण आत काय आहे ते सांगतो.

लालसर म्हणजे सोनं कमी, हे आधी डोक्यातनं काढा. ईगलमध्ये सोनं ९१.६७ टक्के, चांदी ३ टक्के, बाकी ५.३३ टक्के तांबं. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँड असतं, त्यात चांदी नाहीच, सोन्यात नुसतं तांबं. म्हणून ते ईगलपेक्षाही तांबूस दिसतं. आता वजन करा. ही दोन्ही नाणी ३३.९३ ग्रॅम भरतात. त्यात चोख सोनं ३१.१० ग्रॅम, म्हणजे पुरा एक ट्रॉय औंस. तांबं सोन्याच्या वाटणीचं घातलेलं नाही, वरनं घातलंय. कॅनडाचं मेपल लीफ ९९९.९ टंचाचं, त्याचं वजनच ३१.१० ग्रॅम. चोख दोघांत सारखंच. तांबं कशाला, तर नाणं कडक व्हावं म्हणून. मेपलला चिमटा जरी लागला तरी ओरखडा दिसतो.

आमच्याकडं आल्यावर काय होतं तेही सांगतो. मुशीत सवागी (टाकणखार) टाकून गाळायचं. सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी मिसळायची, ते पाण्यात ओतून दाणं पाडायचं, आणि तेजाबात उकळायचं. चांदी न् तांबं तेजाबात उतरतं, तळाला तपकिरी चिखल राहतो. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी जळलं. तेच सोनं. धुवायचं, परत मुशीत, की झाली पिवळी लगड. चांदी इतकी का घालायची? कारण सोनं जास्त असलं तर तेजाब आतपर्यंत पोचतच नाही.

सराफ घट सांगतो ती यासाठीच. शेवटी त्याला माल आमच्यासारख्याकडं पाठवायचा असतो. गलाईची मजुरी, थोडी तूट, त्याचा नफा. एवढं रास्त आहे. पण ज्या नाण्याचं वजन आन् टंच जगजाहीर आहे, मशीनवर आकडा आलाय, त्यावर पाच टक्के म्हणजे लईच झालं. तुटक्या बुगडीला झाळ किती, मेण किती कळत नाही, तिथं पाच धरा की. मुशीला मात्र ईगल काय, गिनी काय न् बुगडी काय, सगळं सारखंच.

नाणेवेडा_मिरज

गलाईभाऊंनी अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं मी करतो, कारण मुशीला सारखं असलं तरी माणसांना सारखं नसतं.

काका, तुमच्याकडच्या नाण्यांचे दोन वर्ग आहेत. ईगल, क्रुगररँड, मेपल, ब्रिटानिया, फिलहार्मोनिक ही बुलियन नाणी. म्हणजे सोनं सोयीस्कर तुकड्यांत विकता यावं म्हणूनच पाडलेली. याची सुरुवात केली क्रुगररँडने, १९६७ साली. त्यावर किंमतही छापलेली नाही, नुसतं किती सोनं आहे ते लिहिलंय. कॅनडाने १९७९ ला मेपल काढलं. १९८५ मध्ये वर्णभेदाच्या राजवटीमुळे अमेरिकेने क्रुगररँड आयातीवर बंदी घातली आणि १९८६ ला स्वतःचं ईगल बाजारात आणलं. त्यावर ५० डॉलर छापलेत, पण ५० डॉलरला ते कोण देतो!

मुद्दा असा की ही नाणी मागणी असेल तितकी पाडतात. तुमच्या ईगलचं साल साधं असेल, तर तसली लाखो नाणी जगात आहेत. म्हणून त्याची किंमत म्हणजे सोनं अधिक थोडी वरकड. ही वरकड टांकसाळीचा खर्च, व्यापाऱ्याचा नफा आणि "हे नाणं कुठेही ओळखलं जातं" या विश्वासाची असते. भाचा म्हणतो ती हीच. आणि ती ओळख मोती चौकात चालत नाही, एवढंच. अमेरिकेतला व्यापारी ईगल बघतो आणि तसंच पुढच्या गिऱ्हाइकाला विकतो. आपला सराफ ते बघतो आणि त्याला समोर मूस दिसते, कारण साताऱ्यात उद्या सकाळी ईगल मागायला कोणी येणार नसतं.

दुसरा वर्ग संग्राहकांच्या नाण्यांचा. तिथे धातू म्हणजे नुसता तळ. त्याच्या खाली किंमत जात नाही, वर कितीही जाऊ शकते. तुमच्याच ईगलवर हातात मशाल घेतलेली ती बाई आहे ना, ते चित्र ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराचं. १९०७ पासून वीस डॉलरच्या 'डबल ईगल'वर तेच होतं. १९३३ साली तसली साडेचार लाखांच्या आसपास नाणी पाडली, पण त्याच वर्षी रूझवेल्टने सोन्याची नाणी चलनातून काढली, त्यामुळे ती बाहेर पडलीच नाहीत. सरकारने वितळवली. जी थोडी निसटली त्यातलं एक २०२१ मध्ये लिलावात १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. त्यात सोनं किती? एक औंससुद्धा नाही. चित्र तेच, कारागीर तोच, आणि सोनं तुमच्या ईगलपेक्षा किंचित कमीच. फरक इतकाच की त्याची भावंडं मुशीत गेली.

गिन्यांचं नंतर लिहितो. आधी एक काम करा. त्या कोऱ्या गिनीवरचं साल आणि सालाच्या वर जमिनीची जी पट्टी आहे, त्यावर एखादं बारीक अक्षर आहे का ते भिंगाने बघा. आणि देवाशपथ सांगतो, ती पुसू नका. रिठ्याचं पाणी नको, चिंच नको, टूथपेस्ट नको. पेढीवर देऊच नका, प्रेमाने चकचकीत करून देतात.

हळदपेठ

आलं का संग्राहक मंडळींचं पुराण. १ कोटी ८९ लाख डॉलर!! काकांना घराचं काम काढायचंय राव.

आमचा धंदा हळदीचा, त्यामुळे एक कळतं. भाव दोन असतात, विकणाऱ्याच्या तोंडातला आणि घेणाऱ्याच्या हातातला. बँकेच्या नाण्याचा हिशेब मी मांडतो. सोपं जावं म्हणून सोनं ग्रॅमला दहा हजार धरू. आजचा भाव बाजूला ठेवा.

दहा ग्रॅमचं सोनं झालं एक लाखाचं. नाण्यावर वरकड सहा टक्के धरली तर ६,०००. त्या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी, ३,१८०. खिशातून गेले १,०९,१८०. आता त्याच संध्याकाळी विकायला गेलात आणि सराफ दोनच टक्के कापून घ्यायला तयार झाला, तरी हातात ९८,०००. जीएसटी परत मिळत नाही, वरकड परत मिळत नाही. म्हणजे सोनं अकरा-साडेअकरा टक्के चढलं की मुद्दल सुटलं. बँक ते नाणं परत घेत नाही, कारण रिझर्व्ह बँकेची तशी परवानगीच नाही. हे घेताना कोणी सांगितलं होतं का काका?

आणि एक-दोन ग्रॅमची लक्ष्मीची नाणी, दसऱ्याला रांगेत उभं राहून घेतात ती, त्यांचा हिशेब मांडलाच तर बायको घरात घेणार नाही. जेवढं नाणं लहान तेवढी घडणावळ ग्रॅममागे जड. हे अमेरिकेच्या ईगललाही लागू. एक औंसापेक्षा दशांश औंसाच्या नाण्यावर वरकड जास्तच लागते. साधं वेढणं (चोख सोन्याचं वळं) घ्या, पावती घ्या, विषय संपला.

कराडची_लेक

हळदपेठ दादा, दसऱ्याचं नाणं नफ्यासाठी कोण घेतं? :)

माझा एक प्रश्न. आमच्याकडे शिवराई होनाची सोन्याची प्रतिकृती आहे, मुलाच्या मुंजीत आत्यांनी दिली. विकणाऱ्याने "संग्राह्य आवृत्ती, मर्यादित संख्या" असं प्रमाणपत्र दिलंय आणि सोन्याच्या भावाच्या बरंच वर पैसे घेतलेत. पुढे त्याला जादा किंमत येईल का?

नाणेवेडा_मिरज

@कराडची_लेक, ताई, स्पष्ट सांगतो. येणार नाही. विकायला जाल त्या दिवशी तो सोन्याचा तुकडा आहे. "मर्यादित" हा शब्द विकणाऱ्याने छापलेला आहे. मर्यादा किती, पुढच्या वर्षी नवा साचा करून परत काढणार का, हे बांधून कोणी दिलेलं नसतं. आणि मुख्य म्हणजे असल्या वस्तूंचा दुसऱ्या हाताचा बाजारच नाही. मुलाला आत्यांची आठवण म्हणून ठेवा, त्यासाठी ती उत्तम आहे.

अस्सल होनाची गोष्ट उलटी. वजन तीन ग्रॅमच्या आतलं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. सोन्याच्या भावाने जो आकडा येईल त्याच्या कितीतरी पट संग्राहक मोजतात. म्हणूनच त्याच्या नकलाही तितक्याच, आणि त्यातल्या काही चांगल्या सोन्याच्या असतात! टंच काढून अस्सलपणा ठरत नाही, हे लक्षात ठेवा. मशीन सांगतं सोनं आहे. ते शिवकालीन आहे की मागच्या महिन्यातलं, हे मशीन सांगत नाही.

अटलांटा_ते_आटपाडी

काकांच्या भाच्यासारखाच मी एक. इकडचं चित्र थोडं सांगतो, कारण मामा लोकांना फोनवर आम्ही अर्धंच सांगतो.

इकडे ईगल घेताना सोन्याच्या चालू भावावर काही टक्के जास्त द्यावे लागतात, हे बरोबर. पण विकायला जाता तेव्हा व्यापारी ते सगळे टक्के परत देत नाही. बाजार थंड असेल तर चालू भावाच्या आसपास, कधी किंचित खालीही. साताऱ्यात पाच टक्के घट मागतात, इथे तसलं काही नाही, हा फरक खरा. पण "जास्त पैसे मिळतात" म्हणजे काही लॉटरी नाही. बरेच लोक ईगलऐवजी क्रुगररँड घेतात, कारण सोनं तेवढंच आणि वरकड बहुधा कमी. २०२३ पासून तर कॉस्टकोत किराण्याबरोबर सोन्याची बिस्किटं मिळायला लागली. दूध, अंडी, सोनं.

इथे आणखी एक धंदा जोरात आहे. नवंकोरं ईगल घ्यायचं, पीसीजीएस किंवा एनजीसी या कंपनीकडे पाठवायचं, ते तपासून प्लास्टिकच्या कडक डबीत बंद करून ७० पैकी गुण देतात. ७० म्हणजे भिंगाखालीही डाग नाही. डबीवर ७० आला की किंमत वर. आमच्या ऑफिसातला एक जण दर वर्षी घेतो.

हळदपेठ

म्हणजे प्लास्टिकचे पैसे.

नाणेवेडा_मिरज

बऱ्याच अंशी हो, आज तुमच्याशी सहमत. हे गुण देण्याचं काम जुन्या नाण्यांसाठी फार उपयोगी आहे. दीडशे वर्षं हाताळलेल्या नाण्यात ६३ आणि ६५ मध्ये खरंच जमीन-अस्मानाचा फरक असतो. पण आजच्या टांकसाळीतून नाणी बाहेरच इतकी नीट पडतात की नव्या ईगलला ६९ किंवा ७० मिळणं ही रोजची बाब आहे. वर्गात सगळेच पहिले आले तर पहिल्या नंबराला काय किंमत?

तरी आधुनिक नाण्यांत संग्राहकाची किंमत येतच नाही, असं मात्र नाही. ती येण्याची कारणं ठरलेली आहेत. एक, त्या सालाची नाणी कमी पाडली गेली. १९९१ चं अर्ध्या औंसाचं ईगल जेमतेम चोवीस हजार निघालं, ते आजही वर जातं. दोन, टांकसाळीची चूक. १९९९ मध्ये काही लहान ईगल नाणी चुकून प्रूफसाठीच्या (प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं नाणं), पण पॉलिश न केलेल्या ठशांनी पाडली गेली. त्यावर नको असलेलं डब्ल्यू अक्षर (टांकसाळीची खूण) आलं, आणि तेच आता लोक शोधतात. तीन, एकाच वर्षी आलेलं चित्र. इंग्लंडने १९८९ ला सॉव्हरिनला (आपण गिनी म्हणतो ते नाणं) पाचशे वर्षं झाली म्हणून जुन्या धर्तीचं, सिंहासनावर बसलेल्या राणीचं नाणं फक्त प्रूफ म्हणून काढलं. सोनं नेहमीच्या गिनीएवढंच, पण भाव त्याच्या कितीतरी वर. चीनच्या पांडाची गंमत अशी की चित्र जवळपास दर वर्षी बदलतं, त्यामुळे ते बुलियनही आहे आणि संग्राहकांचंही.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. नाणं काढलं तेव्हा कोणी "हे संग्राह्य आहे" असं ओरडत विकलं म्हणून नव्हे, तर नंतर घेणाऱ्यांची संख्या नाण्यांच्या संख्येपेक्षा जास्त झाली म्हणून भाव चढला.

गलाई_विटा

उलटं पण होतं बघा. कॅनडाने २००७ मध्ये शंभर किलोचं मेपल लीफ काढलं, दहा लाख डॉलर छापलेलं, चांगलं ५३ सेंटिमीटर रुंद. त्यातलं एक बर्लिनच्या संग्रहालयात होतं. २०१७ मध्ये चोरांनी रात्री शिडी लावून, ढकलगाडीवर घालून नेलं. चोर सापडले, नाणं नाही. तुकडं करून गाळलं असणार, असंच सगळे म्हणतात. आता सांगा, चोराला कुठला भाव मिळाला? किलोचा.

माहुलीचा_संगम (सातारा)

सर्वांचे आभार. नाणेवेडा, तुम्ही सांगितलंत तसं भिंग लावून बघितलं.

कोऱ्या गिनीवर एका बाजूला दाढीवाला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा तो उघडा योद्धा आणि खाली ड्रॅगन. साल १९१८. सालाच्या बरोबर वर, जमिनीच्या पट्टीवर, उभ्या काडीसारखं इंग्रजी 'आय' दिसतंय. आधी मला ओरखडा वाटला. कडीवाल्या तिघींपैकी दोन १९११ आणि १९१३ च्या, अक्षर नाही. तिसरीवर १९१७, तिच्यावरही अक्षर नाही. हिला कडी दोन्ही बाजूंनी झाळलीय आणि साल अर्धवट घासलंय.

नाणेवेडा_मिरज

काका, १९१८ चं 'आय' म्हणजे ते नाणं मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं आहे! पहिल्या महायुद्धात लंडनहून सोनं-नाणं समुद्रातून आणणं धोक्याचं झालं, म्हणून मुंबईत रॉयल मिंटची शाखा चालवली आणि तिथे सॉव्हरिन पाडले. फक्त त्या एका सालाचे. सिडनीचा एस, मेलबर्नचा एम, पर्थचा पी, ओटावाचा सी, तसा मुंबईचा आय. त्याच १९१८ ला मुंबईने पंधरा रुपयांचं सोन्याचं नाणंही काढलं, वजन-टंच गिनीइतकंच.

आता पाय जमिनीवर ठेवा. ही नाणी सुमारे तेरा लाख पाडली होती. त्यामुळे दुर्मीळ म्हणता येत नाही. पण भारतातल्या संग्राहकाला मुंबईचं म्हणून हवं असतं. नाणं न घासलेलं, कडी नसलेलं असेल तर धातूच्या वर काही नक्की मिळेल. ते सराफाकडे नाही, नाणेप्रदर्शनात किंवा लिलाव करणाऱ्या संस्थेकडे. २०१३ पासून इंग्लंडच्या परवान्याने एमएमटीसी-पॅम्प ही सोनं शुद्ध करणारी कंपनी भारतात सॉव्हरिन पाडते, त्यावरही तसाच 'आय' असतो. तो आणि हा एक नव्हे, सालावरून कळेलच.

१९१७ ची मात्र मजेदार आहे. अक्षर नसलेलं १९१७ म्हणजे लंडनचं, आणि ते खरोखरच दुर्मीळ. इतकं की त्याच्या नकला जगभर झाल्या. या नकला पितळेच्या नव्हेत, चांगल्या बावीस कॅरेटच्या असतात. म्हणजे धातूची किंमत पूर्ण आणि हौसेची शून्य. शिवाय तुमच्या गिनीला कडी दोन्ही बाजूंनी झाळलीय आणि साल घासलंय म्हणता, तर कडीखाली एखादं अक्षर दबलेलं असण्याचीही शक्यता आहे. अस्सल निघाली तरी झाळल्यामुळे संग्राहक हात आखडणारच.

घरी तपासायचं असेल तर पेढीच्या काट्यावर वजन करा. कडी नसलेली गिनी ७.९८ ते ७.९९ ग्रॅम, थोडी झिजलेली असेल तर किंचित कमी. व्यास २२ मिलिमीटर. मग दोऱ्याने पाण्यात टांगून वजन करा, सुमारे ०.४५ ग्रॅम कमी भरायला हवं. बावीस कॅरेटची घनता साधारण १७.६ येते. टंगस्टनची १९.२५, चोख सोन्याची १९.३. म्हणून टंगस्टन भरून फसवणूक करणारे चोवीस कॅरेटच्या बिस्किटामागे लागतात. गिनीत टंगस्टन भरला तर वजनच जमत नाही.

अटलांटा_ते_आटपाडी

मग ती १९१८ ची भाच्याबरोबर इकडे पाठवा की काका, इथल्या लिलावात चांगली जाईल.

सीए_विश्रामबाग

अजिबात नको. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं. ते देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ ला शंभर वर्षं केव्हाच झाली, आणि काकांच्या चारही गिन्या त्यात बसतात.

भाच्यासाठीही सांगतो, पुढच्या वेळी ईगल आणताना विमानतळावर जाहीर करा. परदेशात राहणाऱ्यांना दागिन्यांवर जी शुल्कमाफी आहे ती दागिन्यांनाच, नाण्यांना नाही.

बाकी थोडक्यात. १) चोवीस महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही, हा जुलै २०२४ पासूनचा नियम. आईकडून आलेल्या गिन्यांना आईने ठेवलेला काळही मोजतात, आणि १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. त्या दिवसाचं मूल्यांकन करून ठेवा. २) रोख दोन लाख किंवा त्यावर घ्यायचे नाहीत. ३) विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५०, पुरुषाचे १०० हे जे व्हॉट्सॲपवर फिरतं, ते छाप्यात दागिने जप्त न करण्याबद्दलचं १९९४ चं परिपत्रक आहे. नाण्यांना त्याचा आधार नाही. एकसष्टीची भेट म्हणून भाच्याकडून साधं पत्र आणि त्याची खरेदीची पावती घेऊन ठेवा. ४) सोनेतारण कर्जाला ईगल चालेल का, ते बँकेत आधी विचारा. बँकांनी विकलेली नाणी मात्र बँका गहाण घेतात, तीही एका माणसामागे ५० ग्रॅमपर्यंत.

हळदपेठ

म्हणजे बँक ते नाणं विकत घेत नाही, पण गहाण घेते. वा रे वा.

कराडची_लेक

आमच्या शेजारी वाई तालुक्यातल्या शेतात नांगरताना नाणी सापडली, असं मागे ऐकलं होतं. तसल्यांचं काय करतात?

सीए_विश्रामबाग

१८७८ चा निखात निधी कायदा अजून आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये तेव्हाचे, कायद्यात अजून तेच. गुपचूप सराफाकडे नेणं हा गुन्हा, आणि घेणाराही अडकतो.

माहुलीचा_संगम (सातारा)

ठीक. मग असं ठरवतो. घरासाठी लागलं तर पहिलं बँकेचं नाणं, त्याला ना भावना ना हौस. मग १९११ आणि १९१३ च्या कडीवाल्या. ईगल तिसरं, तेही पाच टक्के कापून नाही. १९१८ ठेवायची, आणि १९१७ एखाद्या जाणकाराला दाखवल्याशिवाय हलवायची नाही.

गलाईभाऊ, कडीवाल्या मोडताना कड्या आधी काढून आणू का? घरी बारीक कानस आहे.

गलाई_विटा

नको नको, कानस लावू नका. जो भुगा पडेल तो तुमच्या बोटांना न् चटईला. झाळीत टंच कमी असतो, म्हणून गिनी आणि कडी एकत्र गाळली की एकूण टंच थोडा उतरणारच. पण ते गाळल्यावर टंच काढून हिशेबात येतं, तुमचं काही जात नाही. उलट सराफ गिनीचं वजन कडीसकट धरून सरसकट "वीस कॅरेट" म्हणाला तर थांबवा. म्हणा, तुमच्या डोळ्यांदेखत गाळा, टंच काढा आणि येईल त्या आकड्यावर भाव करा. गाळायच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही वजनं चिठ्ठीवर लिहून घ्या.

दिवाळीला मी गावी असतो. विट्याला आलात तर भट्टी दाखवतो.

नाणेवेडा_मिरज

आणि १९१७ घेऊन मिरजेला या आधी. कडी हलवून बघतो खाली काय दडलंय ते.

हळदपेठ

काका, बँकेच्या नाण्याचं पाकीट मात्र विकायच्या आधी फोडू नका. फोडलं की तेच सराफ म्हणणार, आता टंच बघावा लागेल.